बालाघाटावरचं टिंब

७६ अंश पूर्व रेखांश धाराशिव शहराच्या पश्चिमेला जेमतेम चार किलोमीटरवरून जातो. जमिनीवर त्याचा मागमूस नाही, पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांनी या रेषेवर जिल्ह्याच्या सरळ वाटण्या केल्या. परंडा, भूम, वाशी गेले ४७ क्रमांकाच्या गठ्ठ्यात. धाराशिव, तुळजापूर, लोहारा, उमरगा आले ५६ मध्ये. धाराशिव आणि तुळजापूर ही दोन्ही गावं '५६ बी/४' या एकाच टोपोशीटवर बसतात. तुळजापूर तर अगदी तळाच्या कडेला, कारण १८ अंश उत्तर अक्षांशाची रेषा गावाला जवळजवळ घासूनच जाते. या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा. बालाघाटाची कड जिथे आहे तिथे या रेषा एकमेकींना चिकटून दाट होतात, आणि त्या दाटीच्या वरच्या अंगाला एखाद्या ठिकाणी छोटा त्रिकोण, त्याच्या पोटात टिंब आणि शेजारी उंचीचा आकडा छापलेला असतो.

तो त्रिकोण म्हणजे त्रिकोणमितीय स्थानक. कुणीतरी कधीतरी त्या जागी दुर्बीण लावून कोन मोजले होते आणि ती नेमकी जागा दगडावर खुणेने बांधून ठेवली होती, एवढाच त्याचा अर्थ. झाडोऱ्यातून वाट काढत अशी खूण हुडकायला जाणं हा छंद इंग्लंड-ऑस्ट्रेलियात जुना आहे. आपल्याकडे किल्ले पालथे घालणारे पुष्कळ, पण या टिंबांच्या मागे लागणारे फार थोडे. वास्तविक या कामातला मोठा भाग दख्खनच्या पठारावर झाला, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या जिल्ह्याच्या दिशेने आला.

विल्यम लॅम्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक पायारेषा मोजायला घेतली. पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवायची, ऊन-सावलीने तिची लांबी किती बदलते ते बघायचं, मग पुढे सरकायचं. या एका रेषेला ५७ दिवस लागले. एवढा खटाटोप करायचा तो पुढे पुन्हा जमीन मोजावी लागू नये म्हणून. त्रिकोणाची एक बाजू आणि तिन्ही कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर त्याच्या पुढचा. अशी त्रिकोणांची माळ गुंफत लॅम्टन उत्तरेकडे निघाला आणि अधूनमधून नवी पायारेषा मोजून हिशेब ताडून पाहू लागला. त्यातली एक १८१५ मध्ये बीदरजवळ मोजली गेली. उमरग्याहून बीदर काही फार लांब नाही. ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर गेलेली ही माळ पुढे 'महाचाप' म्हणून गाजली, आणि १८१८ पासून या साऱ्या कामाला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळालं.

धाराशिवचा संबंध येतो तो महाचापातून पश्चिमेला फुटलेल्या फांदीमुळे. १८२२ च्या पावसाळ्यानंतर लॅम्टनचा सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट हा महाचाप सोडून मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची आडवी साखळी न्यायला निघाला. लॅम्टन स्वतः नागपूरच्या वाटेवर होता. २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावात आहे. एव्हरेस्टला आडवी साखळी अर्धवट टाकून महाचापाकडे परतावं लागलं. मुंबईची साखळी पुढच्या दोन दशकांत रॉबर्ट शॉर्टरीड आणि विल्यम जेकब यांनी पुरी केली. नकाशावर बीदर आणि मुंबई यांच्यात पट्टी धरून पाहा, म्हणजे बालाघाट टाळून ही साखळी नेता येणं किती अवघड होतं ते कळेल.

हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. दुर्बीण घेऊन डोंगरावर चढणाऱ्या गोऱ्या माणसांकडे लोक संशयाने बघत. दुर्बिणीतून गावातल्या बायका उलट्या दिसतात, अशी वदंता सर्वेक्षणवाल्यांच्या पाठीला चिकटलेली होती. त्या काळच्या दुर्बिणीत प्रतिमा खरोखर उलटी दिसे, त्यामुळे अफवेला पाय होते.

डोंगरच का, हा प्रश्न बालाघाटावर उभं राहिलं की अधिक नेमका होतो, कारण इथे सह्याद्रीसारखी शिखरं नाहीतच. बेसॉल्टच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला हा प्रदेश वरून सपाट आहे. पूर्वेकडून, तेरणेच्या बाजूने गेलात तर टेकडी चढतोय असं वाटतच नाही. जोंधळ्याचं रान संपतं, मुरमाड बरड लागतं, आणि चालता चालता अचानक पायाखालची जमीन संपते. पुढे खोल खाली सीनेच्या अंगाचा सपाट मुलूख पसरलेला. तीच जागा बार्शीकडून किंवा सोलापूरकडून पाहिली तर चांगली उभी कड दिसते. तुळजापूरचा घाट चढताना एसटी ज्या कडेला लागते तीच ही. याच कडेवर पाण्याची वाटणी होते: पूर्वेचं तेरणा-मांजरेतून गोदावरीला, पश्चिमेचं सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला.

कोन मोजणाऱ्याला जागेच्या उंचीशी घेणंदेणं नव्हतं. तिथून काय दिसतं ते त्याला हवं होतं. पृथ्वी गोल असल्यामुळे तीस किलोमीटरवरची जमीन आपल्या नजरेच्या रेषेपासून सत्तर मीटर खाली गेलेली असते. हवेत प्रकाश किंचित वाकतो म्हणून त्यातले दहाएक मीटर परत मिळतात, पण साठ मीटर उरतातच. मैदानात दोन माणसं समोरासमोर दुर्बीण लावून बसली तर त्यांच्या मध्ये पृथ्वीचीच पाठ आडवी येते. गंगेच्या मैदानात एव्हरेस्टला यावर उपाय म्हणून पन्नास-पन्नास फुटी मनोरे बांधावे लागले. बालाघाटाच्या कडेने ते काम फुकटात करून दिलं. त्यामुळे नकाशावरचे त्रिकोण सर्वांत उंच ठिकाणी सापडतीलच असं नाही. पुष्कळदा ते बेताच्या उंचीच्या, पण कडेला नाक काढून बसलेल्या सोंडेवर असतात. आज याच कडेवर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. वाऱ्याला आडकाठी नसलेली जागा आणि नजरेला आडकाठी नसलेली जागा बहुधा एकच असते.

या नजरेचा काटेकोरपणा समजून घेण्यासारखा आहे. एक अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. कोनात एका सेकंदाची चूक झाली तर तीस किलोमीटरवर ती साडेचौदा सेंटिमीटरची होते, म्हणजे वीतभरही नाही. तीस-तीस किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश येतच नाही; ती जवळजवळ दोन सेकंदांनी जास्त येते, कारण त्रिकोण सपाट कागदावर नसून गोल पृथ्वीवर काढलेला असतो. शाळेतल्या प्रमेयाला दिलेला हा धक्का मोजता यावा इतकं ते यंत्र बारीक होतं, आणि म्हणूनच अवजड. लॅम्टनचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. असलं धूड डोंगरावर चढवणाऱ्या खलाशांची नावं कुठल्याही नकाशावर नाहीत.

ऋतूचाही एक पेच होता. पाऊस पडून गेला की हवेतली धूळ बसते आणि लांबचं लख्ख दिसतं, म्हणून लॅम्टन आणि तरुणपणचा एव्हरेस्ट पावसाळ्यातच काम रेटत. तापाने माणसं पटापट आजारी पडत; एव्हरेस्ट स्वतः मलेरियाने इतका खंगला की त्याला बरं व्हायला आफ्रिकेच्या टोकापर्यंत जावं लागलं. पुढे त्याने पद्धत बदलली. कोरड्या ऋतूत दिवसा आरशावरून सूर्याची तिरीप पाठवायची आणि रात्री दिवे, निळी दारू पेटवून खुणा करायच्या. रात्रीच्या थंड हवेत दूरचा दिवा जरा वर उचलल्यासारखा दिसतो, त्याचाही त्याने फायदा घेतला.

आज खूण शोधायला जाणाऱ्याने मात्र पावसाळ्याच्या वाटेला जाऊ नये. दसऱ्यापर्यंत माळावर गवत कमरेला लागतं आणि दोन फुटांवरचा दगड दिसत नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं, पण मग कुसळांचा हंगाम सुरू होतो. कुसळ हे बालाघाटाचं खरं हत्यार. त्याचं टोकदार बी मोज्यातून, पँटच्या शिवणीतून आत शिरतं आणि ओल लागली की पीळ उलगडत आणखी आत जातं. सुती मोजे घालून गेलेला माणूस तासाभरात बूट काढून बसतो. माझ्या मते माघ-फाल्गुन सर्वांत बरा: गवत कापून नेलेलं किंवा गुरांनी खाल्लेलं असतं, पळस फुललेला असतो, आणि ऊन अजून अंगावर धावून येत नाही. चैत्रानंतर दुपारी या कातळावर जाणं म्हणजे आजारपणाला आवतण.

झाडोरा म्हणाल तर जंगल असं थोडंच. येडशी-रामलिंगचं अभयारण्य सोडलं तर बाकी सगळं काटेरी खुरटं रान. बोर, हिवर, खैर, तरवड, निवडुंग. त्यात रानोमाळ पसरलेली वेडी बाभूळ आणि घाणेरी. घाणेरीची जाळी भेदून जायचा नाद करू नये. वळसा घालणं नेहमीच स्वस्त पडतं. सीताफळाची झाडं उतारावर मुबलक आहेत आणि त्यांच्याखालून शेळ्यांच्या वाटा गेलेल्या असतात. शेळीची वाट ही माळावरची सर्वांत शहाणी वाट, फक्त ती शेळीच्या उंचीची असते. याशिवाय पाणलोटाच्या कामात खणलेले समतल चर उताराला आडवे पडलेले आहेत. गवतात ते दिसत नाहीत आणि पाय थेट गुडघ्यापर्यंत जातो. हातात काठी हवी ती यासाठी, आणि फुरशासाठीही. फुरसं सैल दगडांखाली राहतं, आणि आपण शोधतोय ती गोष्ट बहुतेक वेळा सैल दगडांच्या ढिगाखालीच असते. तिथे हात घालण्याआधी काठीने दगड हलवून बघायचे, आणि घाई असेल तर हात घालायचाच नाही.

मोबाइलचा भरवसा धरून जाणाऱ्यांची इथे एक गंमत होते. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे फोनमध्ये टाकले तर फोन शंभर-दीडशे मीटर भलतीकडे नेतो. यात छपाईची चूक नसते आणि फोनचीही नसते. जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. भारताच्या नकाशात नीट बसावा असा तो आकार, आणि त्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला. फोनचं जीपीएस सगळ्या जगासाठी ठरवलेला दुसरा आकार वापरतं. दोन्ही आकार आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांचे आकडे मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. उघड्या माळावर दीडशे मीटर म्हणजे काहीच नाही. घाणेरीच्या जाळीत दीडशे मीटर म्हणजे सबंध दुपार. त्यामुळे आकडे रूपांतरित करून घ्यावेत, नाहीतर सरळ समोच्च रेषा वाचत सोंडेच्या टोकावर जावं.

माळावर दगडांचे ढीग खंडीभर असतात. वन खात्याच्या हद्दीचे बुरूज, शेताच्या बांधावरची रास, गुराख्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून रचलेली गोल भिंत, आणि शेंदूर लागून देवपणाला पोचलेले दगड. शिवाय नकाशावरच्या प्रत्येक त्रिकोणाच्या जागी खूण असतेच असं नाही. काही बिंदू नुसते लांबून टिपलेले असतात: देवळाचा कळस, एखादा सुळका. तिथे कुणी यंत्र लावलेलंच नसतं, त्यामुळे तिथे जाऊन देवदर्शन तेवढं घडतं.

मी खूण हुडकायला गेलो त्या टेकडीचं नाव इथे मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. कडेच्या एका सोंडेवर कातळाचा सपाट ओटा आहे. त्याच्यावर कोसळलेल्या दगडांचं कडं, त्यांच्या बेचक्यात चुन्याचे तुकडे. रानात चुना आपोआप येत नाही, तेव्हा इथे कुणीतरी बांधकाम केलं होतं हे नक्की. दगड नीट पाहिले तर दोन कडी ओळखू येतात: मध्ये छोटं, बाहेर मोठं, आणि दोहोंच्या मध्ये बोटभर फट, आता मातीने भरलेली. ही फट म्हणजे या बांधकामातली खरी हुशारी. यंत्र मधल्या खांबावर ठेवायचं आणि माणसाने बाहेरच्या ओट्यावर उभं राहायचं. दोन्ही एकमेकांना चिकटलेले नसल्यामुळे माणसाने पाय हलवला तरी त्याचा हादरा यंत्राला लागत नाही. मधल्या खांबाच्या पोटात, खाली मूळ कातळावर, छिन्नीने कोरलेलं छोटं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब असतं. खांबाच्या वरच्या दगडावर ओळंबा धरून तेच टिंब पुन्हा कोरायचं. म्हणजे वरचं मोडलं तरी खालचं राहतं. नकाशातला त्रिकोण आणि उंचीचा आकडा या रुपयाएवढ्या टिंबाचा असतो. वर दिसणारा ढीग हा नुसता त्याच्यावर घातलेला पांघरुणाचा भाग.

तिथे शेरडं राखणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "काय हुडकायलाव?" मोजणीचा दगड म्हटल्यावर ते हसले. "त्या दगडात काय बघायलाव? हिथं हुभा ऱ्हावून तिकडं बघा की." आणि त्यांनी काठीने एकामागून एक लांबच्या टेकड्या दाखवल्या, गावांच्या नावांसकट. एकोणिसाव्या शतकातला सर्वेक्षक तिथे नेमकं हेच करायला आला होता.

जुन्या पद्धतीत काम संपल्यावर खुणेवर दगड रचून ती झाकत आणि राखायची जबाबदारी गावच्या पाटलावर टाकत. पाटीलकी गेली, त्याबरोबर ती आठवणही गेली. दगडावर कोरलेलं वर्तुळ दिसलं की खाली हंडा असणार अशी खात्री बाळगणारे लोक मात्र राहिले. गुप्तधनाच्या नादाने उकरलेली अशी स्थानकं भारतभर आहेत. टेकडीचं नाव न देण्याचं कारण ते. शिवाय मुरमाच्या खाणी, पवनचक्क्यांसाठी काढलेले रस्ते आणि तयार दगड दिसला की बांधाला नेणारे हात. सरकारने रोवलेली खूण नष्ट करणं हा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४३४ व्या कलमात त्याला वर्षापर्यंत कैद होती, नव्या न्याय संहितेतही तरतूद आहे. माळावर कलम सांगायला कोणी नसतं, हा भाग वेगळा.

गावात 'मोजणी' म्हटलं की लोकांना हे टिंब आठवत नाही, ते रास्तही आहे. शेताची मोजणी हा वेगळा संसार. तिची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. १८५३ ते १८६० या काळात निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. तेव्हा तिथला कारभार पाहणारा मेडोज टेलर, म्हणजे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच, जमीन मोजून सारा बसवण्याच्या खटपटीत होता. त्याला शेतकऱ्याचा बांध हवा होता, एव्हरेस्टला पृथ्वीचा आकार. दोन्ही मोजण्या एकाच मातीवर झाल्या, पण एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत. आता भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो आणि उपग्रह व कायम चालू असलेली संदर्भ केंद्रं यांच्या जोरावर काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. डोंगर चढायची गरज संपली.

मग त्या टिंबाचं आता काय काम? एक काम असं आहे की ते दुसऱ्या कशानेही होत नाही. जुना आकडा आणि नवा आकडा, दोन्ही ज्या जागेसाठी माहीत आहेत, अशी जागा म्हणजे हे टिंब. जुने नकाशे नव्यांशी जोडायचे तर कुणालातरी ते हुडकून त्याच्यावर जीपीएसचा अँटेना उभा करावाच लागतो. आणि याहून मोठी गोष्टही त्यातून कळते. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावं भूकंपाने बसली. दख्खनचं पठार अचल असतं, ही समजूत त्या पहाटे गेली. मग प्रश्न आला की हे पठार आतून हळूहळू दाबलं जातंय का, आणि तसं असेल तर त्याचा वेग किती. त्यासाठी शंभरेक वर्षांमागची मोजमापं हवीत. ती होती. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, भूभौतिकशास्त्रज्ञ विनोद गौर, रॉजर बिल्हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातली ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची जुनी स्थानकं शोधून काढली, त्यांच्यावर जीपीएस लावलं आणि ते आकडे १८६०च्या दशकातल्या मोजमापांशी ताडून पाहिले. सुमारे एकशेतीस वर्षांत त्या भागाचा आकार जाणवण्याइतका बदललेला नव्हता. म्हणजे किल्लारीला जो ताण मोकळा झाला तो साठायला फार मोठा काळ लागला असणार.

हे कळलं ते ती टिंबं जागच्या जागी राहिली होती म्हणून. तेव्हा खूण सापडलीच तर फोटो काढावा, दिशा टिपून घ्यावी, हलवलेले दगड परत तसेच रचून ठेवावेत आणि चढताना धरली होती तीच शेळीची वाट उतरताना धरावी. घाणेरीतून जवळची वाट दिसते ती बहुधा नसतेच.